मागितल्याशिवाय वाजत नाही

लामरिया हुताजुलू स्वतःवरच्या बंदीचं इंग्रजीत भाषांतर करत होती आणि तिसऱ्या कलमापाशी अडली होती.

पहिली दोन कलमं सोपी गेली. पहिल्यात शिक्षकी पेशाचं पावित्र्य होतं, दुसऱ्यात शाळेची प्रतिष्ठा. तळ्याकाठच्या प्रत्येक शाळेच्या प्रत्येक परिपत्रकात या दोन गोष्टी असतातच, त्यांचं इंग्रजी तिला तापातही आलं असतं. तिसऱ्यात मात्र लिहिलं होतं की शिक्षकांनी लग्न, मयत, बारसं, गृहप्रवेश अशा कोणत्याही प्रसंगी मांडवात बसून ढोल बडवू नयेत.

बडवू. तिने पेन खाली ठेवलं. बडवतात ते धुणं. तागानिंगचे ढोल पाच, पाचही वेगवेगळ्या सुरात लावलेले, आणि तिचे आजोबा ते वाजवायला बसले की शेजारच्या कोंबड्यासुद्धा आपापलं म्हणणं राखून ठेवत. तिने भाषांतरात ‘वाजवू नयेत’ असं लिहिलं आणि समासात नम्रपणे टीप जोडली, की मूळ मजकुरातला शब्दही बदलावा. मुख्याध्यापक पांजाईतान यांनी टीप वाचली, शब्द तसाच ठेवला आणि भाषांतर फार सुंदर झाल्याचं सांगितलं.

शाळेत इंग्रजी वाचू शकणारी मोठी व्यक्ती एकच होती आणि बंदी तिच्यासाठीच होती. इंग्रजी प्रत नेमकी कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही. पांजाईतान यांना शाळा आंतरराष्ट्रीय दर्जाची करायची होती. मुतारीवर, पाण्याच्या टाकीवर आणि तीन वर्षं कुलूप असलेल्या प्रयोगशाळेवर इंग्रजी पाट्या लागून झाल्या होत्या. आता परिपत्रकांची पाळी होती.

या सगळ्याचं मूळ आठवी ब च्या भिंतीत होतं. लामरिया इंग्रजी काठ्यांनी शिकवायची, म्हणजे मारून नव्हे. इंग्रजी वाक्य सगळं एकाच वजनाने म्हटलं की ते आजाऱ्याने औषध मागितल्यासारखं ऐकू येतं. काही शब्दांवर जोर द्यावा लागतो, काही नुसते घसरू द्यावे लागतात. हे फळ्यावर लिहून पाच वर्षांत एकालाही कळलं नव्हतं. सहाव्या वर्षी तिने घरून तागानिंगच्या काठ्या आणल्या आणि ‘माझ्या मामाकडे तीन रेडे आहेत’ हे वाक्य इंग्रजीतून बाकावर वाजवून दाखवलं. मुलांना ते तिथल्या तिथे आलं. ज्यांच्या मामाकडे एकही रेडा नव्हता त्यांनाही आलं. तालुक्याच्या परीक्षेत शाळा इंग्रजीत शेवटून पहिली होती ती शेवटून नववी झाली.

अडचण एवढीच, की इंग्रजी संपलं तरी मुलांची बाकं संपत नसत. आठवी ब आणि मुख्याध्यापकांची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. वर्गात ताल सुरू झाला की पांजाईतान पलीकडून भिंतीवर थाप मारत. ती थाप दर वेळी तालाबाहेर पडे. मुलं हसत, मग ते आणखी जोरात मारत आणि आणखी बाहेर.

मागच्या महिन्यात जिल्ह्याहून तपासणीसाहेब आले. ते चहा घेत असताना भिंतीतून अचानक मयताचा पहिला गोंदांग सुरू झाला. गोंदांग म्हणजे ढोल-सनईवर वाजवायची चीज. साहेब इथल्याच मातीतले. त्यांनी कप खाली ठेवला, उठून उभे राहिले, हात जोडून छातीशी धरले आणि मान लववून दबक्या आवाजात विचारलं, कोण गेलं?

कोणीच गेलं नव्हतं. आपणच गेलो, असं मात्र पांजाईतान यांना वाटलं.

परिपत्रकासोबत हमीपत्र होतं. त्यावर मुद्रांक चिकटवायचा आणि अर्धी सही मुद्रांकावर येईल अशी करायची. चौदा शिक्षकांत वाद्य वाजवणारी एकटी लामरिया, पण नियम सर्वांना सारखा. त्यामुळे तेरा जणांनी आयुष्यात कधी हातात न धरलेली वाद्यं यापुढेही न वाजवण्याची लेखी हमी दिली. धर्म शिकवणाऱ्या सिमारमाता गुरुजींना चर्चमध्ये टाळ्यासुद्धा तालात वाजवता येत नसत. त्यांची सही सर्वांत मोठी होती.

चौदावी सही झाली की कागदावर शाळेचा जांभळा शिक्का पडणार आणि मगच परिपत्रक लागू होणार. शिक्क्याशिवाय इथे काही लागू होत नाही. मुलांचा दाखला होत नाही, शिक्षकांची रजा होत नाही, एकदा तर सुट्टीच्या कागदावर शिक्का राहिला म्हणून नाताळात शाळा भरली होती.

“सोमवारपर्यंत, इबू हुताजुलू,” पांजाईतान म्हणाले. शाळेत सगळ्या बाया इबू आणि सगळे पुरुष बापाक. “यादीही सोमवारीच जायची आहे.”

यादी म्हणजे कायम होणाऱ्या शिक्षकांची यादी. लामरिया सात वर्षं कंत्राटावर होती. दर जूनमध्ये ती आहे की नाही हे तिला इतरांकडून कळायचं. यंदा तिचं नाव यादीत होतं. यादीवर सही त्यांची, शिक्का त्यांचा. यादी आणि हमीपत्र त्यांनी टेबलावर अगदी कडेला कड लावून ठेवलं होतं.

“आणि सही नाही केली तर, बापाक?”

“मी असं काही म्हटलेलं नाही,” ते म्हणाले. “मी फक्त कागद शेजारी ठेवलेत.”

हे बुधवारी झालं. गुरुवारी दुपारी पांजाईतान यांची आई वारली.

वय एक्याण्णव. मुलं सात, सातही हयात, सातांचीही लग्नं झालेली, नातवंडं एकेचाळीस, आणि पणतवंडांबद्दल घरात दोन मतं होती. असं मरण तळ्याकाठी कोणी वाईट म्हणत नाही, असं यावं म्हणून माणसं जन्मभर झटतात. रडायचं ते पहिल्या दिवशी रडून घेतात. मग मांडव घालतात, रेडा कापतात, नाचतात, आणि गोंदांग वाजतो.

पांजाईतान यांनी मेदान शहराहून एक कीबोर्डवाला ठरवला होता. तो एकटा येतो, सगळी वाद्यं एका डब्यात आणतो आणि जेवतोही एकटाच. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला परस्पर नको म्हणून कळवलं. कारण म्हातारीने दोन वर्षांपूर्वीच सर्वांना बसवून सांगितलं होतं, डब्यातलं वाजवलंत तर पेटीतून उठून बसेन. ती बोलेल ते करायची, असा लौकिक होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ओपुंग गोमगोम लामरियाच्या घरी आले. ओपुंग म्हणजे आजोबा. गोमगोम हे त्यांच्या पहिल्या नातवाचं नाव. स्वतःचं नाव काय होतं ते आता ओपुंगांनाही आठवून सांगावं लागे. ते सनई वाजवत, आणि वाजवताना कवळी काढून खिशात ठेवत. त्यामुळे वाजवताना त्यांना बोलता येत नसे आणि बोलताना वाजवता येत नसे. त्यांच्या बायकोच्या मते त्यातलं वाजवणं बरं.

“उद्या सकाळी आठला,” ते कॉफी फुंकत म्हणाले. “काळं नेस. आणि दोन्ही काठ्या आण. मागच्या लग्नात एक शाळेत विसरलीस, अर्धी वरात लंगडत गेली.”

लामरियाने हमीपत्राचं सांगितलं. ओपुंगांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सही केलीस?”

“सोमवारी करायचीय.”

“मग सोमवारी वाजवू नकोस. उद्या शनिवार आहे.”

“ओपुंग, मयत कोणाकडे आहे ते माहीत आहे ना?”

“म्हातारीकडे,” ओपुंग म्हणाले. “तिचा मुलगा काय करतो त्याच्याशी आपल्याला काय करायचंय. तिने तुझ्या आजोबांचा हात ऐकलाय. मला म्हणाली होती, हुताजुलूच्या हातचं पाहिजे. आता हुताजुलूंत हात उरलेत ते तुझेच.”

हे खरं होतं. लामरियाचे दोन्ही भाऊ दूर बाताम बेटावर होते. एक जहाजं रंगवायचा, दुसरा रंग वाळला का ते पाहायचा, आणि दोघांनाही आजोबांनी लहानपणीच ढोलांपासून उठवून भात राखायला पाठवलं होतं. उरली ती कोपऱ्यात बसून मांडीवर बोटं वाजवणारी नात. मुलीने तागानिंगला बसू नये असं गावात अनेकांचं म्हणणं होतं. आजोबांना तेव्हा ऐकू कमी येऊ लागलं होतं. ढोल सोडून सगळंच.

ओपुंग गेल्यावर आईने कप उचलता उचलता आपलं म्हणणं मांडलं. कायम झाली असतीस तर निदान स्थळं तरी आली असती, आता तेही गेलं. लामरियाने आजवर दोनशेच्या वर लग्नं वाजवली होती आणि प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी मावशी ओट्यावर चढून येऊन विचारायचीच, तुझं कधी? तिचं उत्तर ठरलेलं होतं. माझ्या लग्नात वाजवणार कोण?

दर महिन्याला जिल्ह्याला एक फॉर्म भरून जायचा, ‘शिक्षकाचे आत्मचिंतन’. त्यात तीन चौकोन होते. काम, सणसमारंभांतील सहभाग, आणि छंद. सात वर्षं ती तिन्ही चौकोनांत ‘समाधानकारक’ असं लिहीत आली होती. जिल्ह्याला ते समाधानकारक वाटत असावं, कारण एकदाही उलट विचारणा आली नव्हती. त्या संध्याकाळी तिने फॉर्म काढला. ‘काम’ खाली लिहिलं, ‘शनिवारी सकाळी आठला.’ ‘सणसमारंभ’ खाली लिहिलं, ‘शनिवारी सकाळी आठला.’ मग ‘छंद’ हा छापील शब्द एका रेघेने खोडला आणि त्याच्या खाली लिहिलं, ‘शनिवारी सकाळी आठला.’

नंतर तिने काठ्या कोरड्या फडक्याने पुसल्या. दोन्ही.

मांडव पांजाईतानांच्या वडिलोपार्जित घरासमोर होता. पेटी मधोमध, उघडी. वादकांची जागा घराच्या उंच ओट्यावर. लामरिया अनवाणी वर चढली, पाच ढोलांमागे बसली आणि एकेकाला बोटाने टिचकी देऊन सूर पाहू लागली. खाली पांजाईतान काळ्या कोटात, खांद्यावर उलोस, म्हणजे हातमागाची शाल, घेऊन खुर्च्यांच्या रांगा सरळ करवून घेत होते. टिचकी ऐकून त्यांनी वर पाहिलं. तिच्याकडे पाहिलं, काठ्यांकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, सोमवार किती लांब आहे ते मोजल्यासारखं.

तिसऱ्या रांगेत शाळेचे तेराही शिक्षक बसले होते. त्यांनीही वर पाहिलं आणि लगेच आपापल्या हातातल्या कार्यक्रमपत्रिका वाचायला घेतल्या. पत्रिकेत चार ओळी होत्या. त्या त्यांना बराच वेळ पुरल्या.

गोंदांग आपोआप सुरू होत नाही. तो मागावा लागतो. घरच्या कर्त्याने पुढे यायचं, वादकांकडे तोंड करून हात जोडायचे, त्यांना मानाने हाक मारायची आणि कोणता हवा ते सांगायचं. दर गोंदांगला नव्याने. मागणारा मंत्री असला तरी मागतो, आणि वाजवणारा एरवी म्हशी राखत असला तरी त्या दिवसापुरता मांडवात त्याच्याहून मोठा कोणी नसतो. संध्याकाळी काठ्या ठेवल्या की म्हशी आहेतच.

पांजाईतान यांनी धाकट्या भावाच्या कानात काहीतरी सांगून त्याला पुढे ढकललं. हा मेदानला दातांचा डॉक्टर. तो दोन पावलं आला आणि पेटीच्या उशाशी बसलेल्या मामांनी काठी आडवी धरली. मामा म्हणजे म्हातारीचे धाकटे भाऊ, वय शहाऐंशी. मामाच्या शब्दापुढे तळ्याकाठी पाऊसही जरा थांबून बघतो.

“मोठा असताना धाकटा कसा मागेल?” मामा म्हणाले. “माझ्या बहिणीला वाटेल, मोठा तिच्याआधीच गेला.”

डॉक्टर मागे सरकले. पांजाईतान पुढे आले. त्यांनी माइक हातात घेतला, फुंकर मारली आणि प्रार्थनेच्या मैदानावर बोलतात त्या आवाजात म्हणाले, “कृपया कार्यक्रमास सुरुवात करण्यात यावी.”

काहीच झालं नाही.

लामरियाचे हात गुडघ्यांवर होते. आजोबांनी तिला काठी धरायला शिकवण्याआधी हात गुडघ्यांवर ठेवायला शिकवलं होतं. न मागता वाजवलं तर तो नुसता आवाज, ते म्हणत, आणि आवाज कोंबडीलाही आहे. तिच्या शेजारी ओपुंग गोमगोम सनई घेऊन तयार होते. कवळी खिशात गेली होती, त्यामुळे समजुतीचे चार शब्द बोलणंही त्यांच्याच्याने होणार नव्हतं. ते समोर तळ्याकडे पाहत बसले.

पांजाईतान यांनी माइक तोंडाजवळ घेतला. “इबू हुताजुलू,” ते म्हणाले, “सुरू करा.”

हजेरीपट आणून ठेवा, खिडक्या लावून घ्या, नववीचे पेपर आजच्या आज, हे सगळं ते याच आवाजात सांगत. लामरियाचा उजवा हात उठला. सात वर्षांची सवय, तो आपणहून उठला आणि काठीपर्यंत गेला. तिने त्याच्याकडे दुसऱ्या कोणाच्या हाताकडे पाहावं तसं पाहिलं. मग तो उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवला.

मांडवात पान चघळणारी माणसं चघळायची थांबली. मामांनी मान तिरकी केली.

“भाच्या,” ते म्हणाले, “तू माणसाला सांगतोयस की पंख्याचं बटण दाबतोयस?”

कोणी हसलं नाही, पण चारशे माणसांनी न हसण्याचाही एक आवाज होतो. पांजाईतान यांचे कान लाल झाले. ते ओट्याकडे पाहत होते आणि लामरिया त्यांच्याकडे पाहत होती, आणि दोघांनाही ते कडेला कड लावलेले कागद दिसत होते. ती आता वाजवायला लागली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. मयताचं घर आहे, समजून घेतलं असतं. तिच्या नावासकट यादी जिल्ह्याला गेली असती. आणि तिने साहेबांच्या सांगण्यावरून एक काम केलं असतं, त्याच सात वर्षांतलं आणखी एक.

तिने हात हलवले नाहीत.

पांजाईतान वळले. पेटीत त्यांची आई उलोस पांघरून पडली होती. तोंड किंचित उघडं राहिलं होतं. एखाद्याने वाक्य सुरू करावं आणि समोरच्याला आधी बोलू द्यावं, तसं. मग त्यांनी माइक खुर्चीवर ठेवला, खांद्यावरचं उलोस दोन्ही हातांनी सारखं केलं आणि ओट्याकडे वळून हात जोडले. बोलू लागले तेव्हा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचला नाही. भाषा घरची होती, शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी बंद केलेली.

“मानाच्या इनांग,” ते म्हणाले. इनांग म्हणजे आई. “तागानिंगच्या धनीण. आणि आमचे ओपुंग, सनईचे धनी. आज आमची आई निघाली आहे. तिला पायी पाठवायचं नाही. पहिला गोंदांग द्यावा. आम्ही सात भावंडं हात जोडून मागतो.”

लामरियाने एक श्वास घेतला, सोडला, आणि सर्वांत मोठ्या ढोलावर पहिला ठोका दिला.

त्या दिवशी पांजाईतान यांनी सात वेळा मागितलं. दुसऱ्या वेळेला शब्द चुकला आणि मामांनी सांगितला. तिसऱ्या वेळेपासून सांगावं लागलं नाही. चौथ्याला घसा बसला. तळवे वर करून ते सावकाश नाचत होते, गुडघ्यांत लवत, आणि त्यांच्या मागे सहा भावंडं, एकेचाळीस नातवंडं आणि वादग्रस्त पणतवंडं. तेराही शिक्षक नाचले. सिमारमाता दुसऱ्याच कुठल्यातरी मयताचा नाच नाचत होते. परिपत्रकात नाचण्याचा उल्लेख नव्हता. भाषांतर लामरियानेच केलं होतं, त्यामुळे तिला ते पक्कं ठाऊक होतं.

सातव्या वेळी पांजाईतान ओट्याच्या अगदी खाली येऊन थांबले. हाक मारली, मानाने मारली, पण पुढे नाव सुचेना. आई मागावर बसली की गुणगुणायची तो, एवढंच ते म्हणाले. मग बसलेल्या घशाने त्यांनी तो म्हणून दाखवला, सगळा बेसूर, ताल तर नव्हताच. ओपुंगांनी भुवया उंचावून लामरियाकडे पाहिलं. तिने दुसऱ्याच ठोक्याला ओळखला होता. हा तिच्या आजोबांचा. ते तो फार थोड्यांकडे वाजवत.

तिने तो पूर्ण वाजवला, एकही आवर्तन न गाळता. पांजाईतान नाचले नाहीत. पेटीची कड धरून उभे राहिले.

संध्याकाळी वाटे झाले. रेड्याचा कोणता भाग कोणाचा हे आधीपासून ठरलेलं असतं. वादकांचा वाटा घरचं कोणीही आणून देतं. पांजाईतान यांनी तो स्वतः आणला, दोन्ही हातांनी दिला. लामरियाने दोन्ही हातांनी घेतला. तेवढ्यात एक मावशी ओट्यावर चढून आली आणि तुझं कधी म्हणून विचारू लागली, त्यामुळे बोलायचं राहूनच गेलं.

सोमवारी ते शाळेत येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते. ते आले. बाहीला काळी फीत होती आणि घसा पुरता बसला होता. प्रार्थनेनंतरचं भाषण त्यांनी हातवाऱ्यांनी केलं. मुलांच्या मते ते आजवरचं सर्वांत चांगलं भाषण होतं.

पहिल्या तासाची घंटा झाली तेव्हा लामरिया त्यांच्या खोलीत शिरली आणि टेबलावर एक कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावला. तो आत्मचिंतनाचा फॉर्म होता. त्यांनी पहिला चौकोन वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. तिन्हींत एकच ओळ होती, पण प्रत्येकीला त्यांनी सारखाच वेळ दिला.

“आणि हमीपत्र?”

तिने पिशवीतून ते काढलं. मुद्रांक नीट चिकटवला होता. सहीची जागा कोरी होती.

“सही करणार नाही, बापाक,” ती म्हणाली. “यादीतून नाव काढायचं तर काढा. रेघ फक्त सरळ मारा. कागद बाहेर जातो, शाळेची प्रतिष्ठा आहे.”

पांजाईतान यांनी हमीपत्र समोर घेतलं. यादी शेजारी होतीच. त्यांनी दोन कागदांमध्ये चार बोटं अंतर केलं, मग आणखी चार. पलीकडे आठवी ब इबूची वाट पाहत गलका करत होती.

“शिक्का सापडत नाही,” ते फुटक्या आवाजात म्हणाले.

लामरियाने टेबलाकडे पाहिलं. “तुमच्या डाव्या कोपराशी आहे.”

त्यांनीही पाहिलं. तो होता. जांभळा, लाकडी मुठीचा, वाटीएवढा. त्यांनी जाडजूड हजेरीपट उचलला आणि त्याच्यावर ठेवला. हजेरीपट एका बाजूने उंच राहिला.

“आता बघा.”

“हजेरीपटाखाली आहे, बापाक.”

“इबू हुताजुलू,” ते म्हणाले, “मी काय म्हणतोय ते तुमच्या लक्षात—”

लामरियाने समोरची खुर्ची ओढली, बसली आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

पांजाईतान थांबले. त्यांनी ते हात पाहिले. मग ते उठले, कोटाचं बटण लावलं, खांद्यावर आज नसलेलं उलोस हाताने सारखं केलं आणि टेबलाच्या पलीकडून हात जोडले.

“मानाच्या इनांग,” ते घरच्या भाषेत म्हणाले, “शाळेचा शिक्का हरवला आहे. या एका कागदापुरता. तो सापडेपर्यंत वाजत राहावं.”

“आणि यादीसाठी?”

“यादीला लागेल तेवढ्यापुरता सापडेल.”

ती एक श्वासभर थांबली. मग दोन बोटांनी टेबलाच्या कडेवर ठोका दिला, एक मोठा, दोन बारीक.

प्लायवूडपलीकडचा गलका थांबला. मग चाळीस बाकांनी तो ठोका उचलला आणि पुढे नेला.

पांजाईतान सवयीने वळले आणि भिंतीवर थाप मारली.

ती तालात पडली.